पाऱ्याखालचा कोळसा

खाली बघून चाला. दगड ओले आहेत, आणि वरच्या मजल्यावरून आत्ता कुणीतरी जे भिरकावलं ते नुसतं पाणी होतं की आणखी काही, याची चौकशी इथे कुणी करत नाही. टोपी धरून ठेवा. उत्तरेचा वारा गल्लीच्या तोंडाशी पिसाळतो आणि थेट कानात शिरतो. तुम्ही फ्लॉरेन्समध्ये आहात. साल १७८२, महिना फेब्रुवारी, कार्निव्हलचे शेवटचे दिवस. कपडे तुम्हाला बरे दिसताहेत. काळा लोकरी झगा, जाड पायमोजे. मोजे टोचतात? टोचू द्या. स्वच्छ आहेत, तेवढं पुरे. त्याचं कारण नदीपलीकडे कळेल. इथली भाषा तुम्हाला आपोआप समजेल, ती सोय केली आहे. वासांची मात्र काहीच सोय करता आली नाही.

समोर कमानींची ओळ दिसते ते सांता मारिया नुओव्हा, गावातलं मोठं रुग्णालय. १२८८ साली फोल्को पोर्तिनारी नावाच्या सावकाराने ते उभं केलं. त्याची मुलगी बेआत्रिचे हीच दांतेची बेआत्रिचे, असं इथला कुणीही तुम्हाला न विचारता सांगेल. कमानींखाली रोग्यांचे नातेवाईक दाटीवाटीने बसलेत. बायकांच्या घागऱ्यांखालून धुराची बारीक रेघ निघतेय. घाबरू नका, आग लागलेली नाही. प्रत्येकीने पायांमध्ये मातीचं एक मडकं ठेवलंय, वर कडी, आत राखेत पुरलेले निखारे. याला स्काल्दिनो म्हणतात. फ्लॉरेन्सचा हिवाळा या मडक्यांच्या जोरावर निघतो. चर्चमध्ये, दुकानात, पलंगावर, जिथे माणूस तिथे स्काल्दिनो. एक म्हातारी तुमची बोटं बघते, निळी पडलीत. एका नाण्यावर ती आपलं मडकं तुम्हाला घटकाभर देते. ‘धर, सांडू नकोस.’ पोटाशी धरा. ऊब आधी तळहातात येते, मग मनगटात, आणि मग तुम्हाला इथून हलावंसंच वाटत नाही.

पण हलायचंय. आत या.

पुरुषांचा कक्ष इतका लांब आहे की टोकाची वेदी धुरकट दिसते. दोन्ही भिंतींना खाटा. व्हिनेगर, मेणबत्त्या, मूत्र आणि कोंबडीचा रस्सा, हे चार वास एकमेकांना ढकलत तुमच्यापर्यंत पोहोचतात. कुणी खोकतंय, कुणी जपमाळ ओढतंय, आणि उजवीकडच्या खाटेवरचा शेतकरी मोठमोठ्याने आपल्या बैलांना हाका मारतोय. दोघांनी त्याचे खांदे दाबून धरलेत. डोकं नुकतंच भादरलंय, टाळूवर व्हिनेगरची पट्टी, आणि दोन्ही कानशिलांवर जळवा. जवळ जाऊन बघा, आलातच आहात तर. जळू काळी, ओली, हळूहळू फुगणारी. पोट भरलं की ती आपोआप गळून पडते, आणि एक पोऱ्या तिला उचलून मिठाच्या ताटलीत टाकतो, म्हणजे ती प्यायलेलं सगळं ओकते आणि पुन्हा कामाला तयार होते.

वैद्यांनी रोगाचं नाव सांगितलंय: फ्रेनितिस. ताप, बडबड, लाल डोळे. म्हणजे मेंदूला किंवा त्याच्या आवरणांना दाह. दाहाची लक्षणं रोमन काळापासून पाठ आहेत: लाली, सूज, ऊब, ठणका. बोटात काटा रुतला की चारही डोळ्यांसमोर दिसतात. कवटीच्या आतली चार कोण बघणार? म्हणून बाहेरून रक्त कमी करायचं, डोकं गार ठेवायचं आणि वाट पाहायची. तुम्हाला विषाणू माहीत आहेत, जिवाणू माहीत आहेत, कण्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी माहीत आहे. गप्प राहा. जास्त बोललात तर बडबडीचं लक्षण धरून उरलेल्या जळवा तुम्हाला लावतील.

तुम्हाला इथे आणलं ते एका कोड्यापायी. हल्ली एखाद्या संशोधकाच्या निबंधांची यादी उघडावी, तर वर वायू साठवणाऱ्या सच्छिद्र पदार्थांवरचा निबंध असतो आणि त्याच्याच खाली मेंदूच्या दाहावरचा. वाचणाऱ्याला वाटतं, नावात घोटाळा झालाय, दोन माणसं एका ओळीत शिरलीत. तर नदीपलीकडे एक माणूस राहतो, त्याच्या टेबलावर हवा आणि मज्जा एकाच सकाळी मांडलेल्या असतात. पत्ता विचारायची गरज नाही. तो हमाल दिसतोय, टोपलीवर ताडपत्री घातलेला? त्याच्या मागे चला. टोपलीत काय आहे ते वारा फिरला की कळेल.

म्हातारीला मडकं परत देताना ती तुमच्याकडे बघत नाही. तिचे डोळे कक्षाच्या दारावर आहेत.

आता गर्दी. एका चर्चची घंटा थांबत नाही तोवर दुसऱ्याची सुरू होते. घोडागाड्यांची चाकं दगडांवरून जाताना दात शिवशिवतात. मुखवटे घातलेली टोळी तुमच्या अंगावर साखरेत घोळवलेल्या धण्यांचा मारा करते. एक दाणा कॉलरमध्ये जातो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहणार आहे. कोपऱ्यावर कढई चढलीय. कणकेच्या पातळ पट्ट्या तेलात पडतात, फुगतात, वर साखर, आणि हातात घेईपर्यंत जीभ पोळते. शेजारच्या हंड्यात गाईचं जठर उकळतंय. पावात घालून मीठ-मिरी मारून देतात. पाव अळणी आहे. आचाऱ्याची चूक समजू नका, तोस्कानात पाव अळणीच असतो, मीठ आतल्या ऐवजाने पुरवायचं.

तहान लागली? त्या हवेलीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर चिमुकली कमान आहे, लाकडी झडप लावलेली. ठोठवा. आतून फक्त एक हात येतो, तुमचं नाणं घेतो, वाइनचा पेला ठेवतो, झडप बंद. हवेलीच्या मालकाच्या मळ्यातली वाइन, मध्ये दुकानदार नाही, तोंडओळख नाही. इतका देखणा व्यवहार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, खाली आर्नोचं मातकट पाणी. पित्ती राजवाड्याचं अवाढव्य अंगण डावीकडे टाकून पुढे व्हिया रोमाना. इथे घराघरांतून हातमागांचा खडखडाट येतो. रेशीम विणणारे कार्निव्हलमध्येही सबंध सुट्टी घेत नाहीत. हमाल मागच्या दाराने वळतो. तुम्ही पुढच्या दाराने या. दारवान तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मोजे आठवले? या जागेची अट तेवढीच: कपडे स्वच्छ हवेत. बाकी कोण, कुठला, कुणाचा, हे विचारायचं नाही. ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दोने १७७५ साली हे संग्रहालय सगळ्यांना उघडं केलं. शेजारच्या राजवाड्यात स्वतः ड्यूकचं रसायनाचं टेबल आहे, आणि राज्यकारभारातून सवड मिळाली की तो त्यावर उभा राहतो. वेधशाळेचा मनोरा अजून बांधून पुरा व्हायचाय.

पेंढा भरलेले प्राणी, खनिजांची कपाटं, पाणघोडा. हे भराभर ओलांडा. गर्दी पुढे आहे. गावाकडून आलेलं एक कुटुंब काचेच्या पेटीसमोर खिळून उभं आहे. बाईने पोराच्या डोळ्यांवर हात ठेवलाय, स्वतः बोटांच्या फटीतून बघतेय. पेटीत रेशमी गादीवर एक तरुणी उताणी पडलीय. गळ्यात मोत्यांची माळ, खरे केस मोकळे सोडलेले, ओठ किंचित विलग. आणि छातीपासून ओटीपोटापर्यंत ती उघडते, थर काढत काढत, शेवटी गर्भाशयातलं इवलं मूल दिसेपर्यंत. सगळं मेणाचं. तरी तुमचा श्वास अडकतो, कारण त्वचेखाली निळसर शिरा दिसताहेत आणि गालांवर रक्त आहे. काही वर्षांनी एलिझाबेथ विजे ल ब्रँ ही फ्रेंच चित्रकर्ती इथे येईल आणि नंतर कित्येक दिवस तिला समोरच्या माणसाकडे बघताना कातडीच दिसेनाशी होईल. तुमचंही तसंच होईल, पण तुमचा मुक्काम आजचाच आहे.

आता ‘आत येऊ नये’ म्हणणाऱ्या दारातून आत चला.

उकाडा एकदम तोंडावर आपटतो. बाहेर बोटं निळी, इथे मानेवरून घाम. शेगड्यांवर तांब्याची भांडी, त्यांत पांढरं मेण वितळतंय. टर्पेंटाइनचा वास नाकात शिरतो आणि त्याच्या खालून दुसरा, गोडसर, ज्याची हमालाच्या टोपलीपाशी ओळख झाली होती. हिवाळा हाच इथला हंगाम. उन्हाळ्यात प्रेत धीर धरत नाही. एका टेबलावर उघडलेला अवयव, त्यावर ओलं प्लास्टर. साचा सुकला की त्यात रंगवलेलं मेण थराथराने सोडायचं, खालचा थर वरच्यातून किंचित दिसेल असं. बारीक रक्तवाहिन्यांसाठी मेणात बुडवलेले दोरे. ती तरुणी घडवणारा क्लेमेंते सुझिनी अजून तिशीचाही नाही. एका पूर्ण मूर्तीसाठी शेकडो प्रेतं लागतात, कारण मेण चढेपर्यंत मूळ नमुना टिकत नाही. बोलणारे बोलतात, हात थांबत नाहीत. कुणीतरी ओरडतं, मोल्दो कुठे गेला? मोल्दो म्हणजे साचे धुणारा पोऱ्या. तो खिडकीतून मुखवटे बघतोय.

खिडकीजवळच्या टेबलाशी थांबा. हा तरुण सिएनाचा, पाओलो मास्कान्यी, वय सत्तावीस, तिथे शरीररचना शिकवतो आणि या संग्रहालयाला हात देतो. त्याच्या हातातली काचेची नळी बघा, टोकाशी केसाइतकी बारीक ओढलेली आणि वाकवलेली. नळीत पारा आहे. समोर पाय, कातडी सोललेला. लसीका वाहिन्या पारदर्शक असतात, रिकाम्या, पातळ; कितीही डोळे फाडा, दिसत नाहीत. तो टोक आत सरकवतो आणि पाऱ्याला त्याच्या वजनावर सोडून देतो. सुरुवातीला काहीच होत नाही. मग घोट्यापाशी एक चंदेरी रेघ उमटते. ती वर सरकते, फुटते, दोन होतात, चार होतात, गुडघ्यामागे गाठीत शिरतात, गाठ फुगून चमकते, पलीकडून पुन्हा रेघा. इतका वेळ जे मांस होतं त्यात आता आख्खा नकाशा आहे. तुमच्या तोंडून नकळत ‘वा!’ निघतं. तो वर बघत नाही.

याच पाऱ्याने तो सबंध शरीर पालथं घालणार आहे. पाच वर्षांनी, १७८७ साली, त्याचा भला थोरला सचित्र ग्रंथ निघेल आणि त्यात मेंदूच्या आवरणांमध्येही अशा वाहिन्या असल्याचं लिहिलेलं असेल. लोक मानणार नाहीत. पुढची दोनशे वर्षं वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतील की मेंदूला लसीका वाहिन्या नाहीत. २०१५ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत, उंदराच्या मेंदूच्या आवरणात, त्या पुन्हा सापडतील. आणि मेंदूच्या दाहाचा अभ्यास करणारे एकाएकी विचारू लागतील की दाहात गोळा झालेल्या पेशी आणि कचरा या वाटेने बाहेर पडतो का, वाट तुंबली तर काय होतं. तिकडे रुग्णालयात बैलांना हाका मारणाऱ्या माणसाच्या कवटीत ती वाट आत्ता आहे. इकडे ती शोधू शकणारी नळी आहे. मधे फक्त नदी आहे, आणि दोन शतकं.

पाऱ्याचा एक थेंब निसटतो, जमिनीवर पडून चार होतात, चौदा होतात. पोऱ्या पीस आणि पत्त्याचा तुकडा घेऊन त्यांच्या मागे रांगतो. गोळा केलेला पारा चामड्याच्या पुरचुंडीत घालून पिळतात. मळ आत राहतो, स्वच्छ पारा भांड्यात टपटपतो. पारा महाग, वाया घालवायचा नाही. ते भांडं आता शेजारच्या खोलीत चाललंय. उचलायला मदत करा. अहो, दोन्ही हातांनी! वाटीभर दिसतोय खरा, पण पाण्याच्या साडेतेरापट जड आहे, मनगट गेलं असतं.

शेजारच्या खोलीत बसतो तो आबाते फेलिचे फोंताना, या सगळ्या संसाराचा कारभारी. वय एक्कावन्न. जन्म उत्तरेकडच्या डोंगरांत, रोव्हेरेतोजवळच्या पोमारोलोत. काही काळ पिसात शिकवत होता, मग ड्यूकने इकडे ओढलं. टेबलावर गेल्या वर्षी छापलेल्या त्याच्या फ्रेंच ग्रंथाच्या दोन जाड जिल्दी पडल्यात. सहज चाळा. सुरुवात घोणसवर्गातल्या सापाच्या विषापासून; त्यासाठी तीन हजार साप आणि चार हजार प्राणी खर्ची पडले, प्रयोग सहा हजारांवर. मग अमेरिकेतली बाणांना लावायची विषं. मग चेरी-लॉरेलच्या पानांचं विष. मग प्राण्यांच्या शरीराची मूळ घडण, मग कापलेल्या मज्जातंतूची पुन्हा वाढ, आणि शेवटी डोळ्यातली एक नवी नलिका. हे एका पुस्तकात. याआधी डोळ्याच्या बाहुलीच्या हालचालींवर लिहिलं ते निराळं, हवेच्या शुद्धतेवर लिहिलं ते निराळं. त्या चार हजार जनावरांमुळे मला हा माणूस सबंध आवडत नाही, हे सांगून ठेवतो. पण त्याच्या खोलीतून माझा पाय निघत नाही.

छताला टांगलेले ते पिवळट फुगे बघताय? बैलांची मूत्राशयं. यांत वायू साठवतात. एक हातात घ्या. गुळगुळीत, किंचित चिकट, आणि वास सांगायला नको. दाबलं की तोटीतून फुस्स. शिवाय वायू आपोआप झिरपतो. काल भरलेला आज अर्धा. १७८२ सालातलं वायुसाठ्याचं तंत्र हे एवढंच: कातडी, काच, आणि पाणी किंवा पारा.

आता खोलीच्या मध्यभागी या. लाकडी हौद, त्यात आपण आणलेला पारा ओततात. आरशाचं तळं तयार होतं आणि त्यात तुमचा चेहरा वाकडा दिसतो. त्यात एक काचेची नळी पालथी उभी, तोंड पाऱ्याखाली, आत खडूवर आम्ल टाकून काढलेली ‘स्थिर हवा’, म्हणजे तुमचा कार्बन डायऑक्साइड. शेगडीत लाकडी कोळशाचा तुकडा लालभडक झालाय. फोंताना चिमट्याने तो उचलतो आणि थेट पाऱ्यात बुडवतो.

चुर्र. तोंड बाजूला करा, ती वाफ छातीत घ्यायची नाही. इथे कुणी पर्वा करत नाही, तुम्ही करा. कोळसा हलका, वर उसळी मारतो, म्हणून चिमट्याने खाली दाबून धरावा लागतो. गार झाला. तापवल्यामुळे त्याच्या आतली हवा निघून गेली होती, आणि पाऱ्याखाली विझवल्यामुळे नवी शिरायला वाव मिळालेला नाही. म्हणजे हा तुकडा उपाशी आहे. तो पाऱ्याखालूनच सरकवत नळीच्या तोंडाशी आणतात आणि सोडतात. कोळसा नळीत वर जातो.

बघत राहा. पारा नळीत चढायला लागतो. कुणी ओढत नाही, कुणी फुंकत नाही. एक बोट, दोन बोटं, सरसर वर. नळीतली हवा दिसेनाशी होतेय आणि त्या काळ्या खड्यात ना फुगवटा, ना तडा, ना आवाज. नळीभर हवा होती, ती सुपारीएवढ्या तुकड्याच्या पोटात. तुमच्या मागे उभा असलेला नोकर क्रूसाची खूण करतो. रोज बघतो तरी.

फोंतानाने हे १७७७ साली छापलं. स्वीडनचा शेले त्याच सुमाराला याच वाटेवर होता. कारण दोघांनाही माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे: कोळशात सूक्ष्म भोकांचं जाळं असतं, आणि भोकांच्या भिंती वायूचे रेणू स्वतःशी धरून ठेवतात. रासायनिक लग्न नाही, नुसतं बिलगणं; तापवलं की सोडून देतात. घडी घातलेल्या या भिंती उलगडल्या, तर चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजारएक चौरस मीटर निघतात, म्हणजे पुण्यातले दहा प्रशस्त टू-बीएचके. १८१४ साली जिनिव्हाचा सोस्यूर मोजून सांगेल की बॉक्सवुडचा कोळसा आपल्या आकारमानाच्या नव्वदपट अमोनिया पितो आणि पस्तीसपट ही स्थिर हवा, पण हायड्रोजनला मात्र जेमतेम पावणेदोनपट जागा देतो. हायड्रोजनची ती अढी अजून सुटलेली नाही. माणसांनी पुढे लाकडावर विसंबणं सोडलं आणि धातूचे अणू व सेंद्रिय दुवे जोडून हवी तेवढी, हवी तशी पोकळी बांधायला घेतली. त्या कामासाठी २०२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. या खोलीत कुणालाही हे सांगू नका. फोंताना तुम्हाला रात्रभर सोडणार नाही.

तसाही त्याने तुम्हाला धरलंच आहे. नळीत फुंका म्हणतोय. हे हवा मोजायचं त्याचं यंत्र. तुमचा उच्छ्वास एका मापात, त्यात ‘नायट्रस हवेचं’, म्हणजे तुमच्या नायट्रिक ऑक्साइडचं, एक माप. आत तांबूस-तपकिरी धूर उठतो, नाकाला झोंबतो, पाण्यात विरतो, आणि उरलेल्या हवेचं आकारमान जितकं घटलं तितकी ती हवा श्वासाला चांगली. तुमचा उच्छ्वास अर्थातच वाईट निघतो. ओशाळू नका, ड्यूकचाही निघतो. सारं युरोप सध्या हे यंत्र घेऊन दलदलीची, तुरुंगांची, टेकड्यांची हवा मोजत फिरतंय. पण स्वतः फोंतानाने लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या घुमटावरची हवा आणि खालच्या रस्त्यावरची हवा मोजली आणि फरक सापडला नगण्य. ज्या यंत्राने त्याला नाव दिलं त्याच यंत्राने तो लोकांना सांगत होता की वासाने घाबरू नका, फरक इतका मोठा नाही. तुम्ही सकाळी उठून फोनवर मुंबईच्या हवेचा आकडा बघता. तो आकडा कशाचा असतो ते परत गेल्यावर एकदा नीट वाचा. इथे मोजतात तो प्राणवायू, आणि तो आपल्या घाणेरड्या गल्लीतही पुरेसा असतो.

डोकं ठणकतंय ना? मघापासून तुम्ही कपाळ चोळताय. खिडक्या बंद, तीन शेगड्या, त्याआधी म्हातारीचं मडकं. लाल निखाऱ्याला हवा कमी पडली की जो वायू निघतो त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि पहिली तक्रार मेंदू करतो. दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांमधून सकाळी कुणी उठत नाही, आणि शेजारी हळहळून पुन्हा आपली शेगडी पेटवतात. फोंताना १७८० साली तापलेल्या कोळशावरून वाफ नेऊन एक ज्वलनशील हवा मिळवून बसला आहे. त्या मिश्रणातला अर्धा वाटेकरी हाच. खिडकी उघडा. हो, तुम्हीच. वारा येऊ दे.

उजेडही आला, त्याला तेच हवं होतं. भिंग खिडकीशी ओढतो. काचेवर पाण्याचा थेंब, त्यात सशाच्या मज्जातंतूचा धागा. दोन सुया घेऊन तो धागा लांबीत विंचरतो, अगदी हलक्या हाताने, ओठ मिटून. आता डोळा लावा. पापणी फडफडवू नका. सुरुवातीला दिसतात ते तंतूवरचे तिरपे पांढरे पट्टे, गुंडाळलेल्या फितीसारखे भासणारे. त्यानेही आधी तसंच मानलं होतं. मग सुयांनी सोडवून बघितलं, तर फीत नव्हतीच. आत शेजारी शेजारी असंख्य बारीक दोर होते, नागमोडी, आणि त्यांच्या लाटा एकत्र आल्या की वरून पट्टा दिसतो. अजून बारकाईने बघा. एकेक दोर म्हणजे पारदर्शक, पोटात काहीतरी लिबलिबीत भरलेला दंडगोल. जिथे आवरण खरवडून निघालंय तिथे आतला गुळगुळीत धागा एकटाच पुढे गेलाय. मज्जातंतूचा मूळ दंडगोल म्हणून त्याने याची नोंद केली. यातून विजेचे संदेश जातात हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

तुमची मान अवघडते. मागे बघता तर पाऱ्याचा हौद तसाच चमकतोय आणि पोऱ्या त्यातून वाटीभर पारा काढून पुन्हा मास्कान्यीकडे निघालाय. खात्यांची पाटी कुठेच नाही. पाऱ्याचा हिशोब मात्र एकाच वहीत आहे.

कारखान्यातून आरडाओरडा. कुणा विद्यार्थ्याने मेणाचा हात उचलून बघितला आणि करंगळी मोडली. फोंताना तरातरा जातो, तुम्ही मागोमाग. मेणाचं हेच दुखणं. दिसायला जिवंत, पण हाताळता येत नाही, आणि न हाताळता शिकणार कसं? काही वर्षांनी तो यावर उपाय काढेल: सबंध माणूस लाकडाचा, हजारो सुटे भाग, विद्यार्थ्याने स्वतः उघडायचा आणि स्वतः जुळवायचा. कल्पना झकास. उतारवयातली वर्षं त्यात जातील. आणि लाकूड फ्लॉरेन्सच्या हवेतली ओल पीत राहील, फुगेल, आक्रसेल. काल खटकन बसलेला यकृताचा तुकडा आज बसणार नाही.

तुमच्या जिभेवर आलंय: लाकूड नको, आबाते. सांगून बघा हवं तर. तो लगेच वळेल आणि विचारेल, कुठलं लाकूड, किती दिवसांत, किती फुगलं, मोजलं का? आणि तुमच्याकडे आकडा नाही.